कर्ज काढून कुर्बानी करू का?

आपा, अस्सलामु अलैकुम.

मी चाळिशीला टेकलोय. घरात अब्बा, पत्नी आणि नऊ वर्षांचा मुलगा. आठ महिन्यांपूर्वी माझी नोकरी गेली. पत्नीला ठाऊक आहे, अब्बांना नाही. रोज सकाळी नेहमीच्या वेळी बॅग घेऊन बाहेर पडतो, मिळेल ते किरकोळ काम करतो आणि संध्याकाळी परततो. साठवलेलं संपत आलंय. आता बकरी ईद तोंडावर आली. परवा जेवताना अब्बांनी विचारलं, "जनावर बघायला कधी जायचं?" आमच्या घरात एकही वर्ष कुर्बानी चुकली नाही, हे ते मोठ्या अभिमानानं सांगतात. एक ओळखीचा माणूस व्याजानं पैसे द्यायला तयार आहे. पत्नी म्हणते, घेऊ नका. मला वाटतं, घ्यावेत आणि वर्षभर फेडत बसावं, निदान चारचौघांत अब्बांची मान खाली जाणार नाही. मुलगाही रोज विचारतो. कुर्बानीच नसेल तर ती ईद कसली, आपा?

— एक वाचक

वअलैकुम अस्सलाम, भाऊ.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा कर्जाचा प्रश्न दिसला. दुसऱ्यांदा रोज सकाळी बॅग उचलून घराबाहेर पडणारा माणूस दिसला, आणि मग कर्जाचा प्रश्न मागेच पडला. दोन्हींवर बोलूया. आधी जे सोपं आहे ते.

व्याजी पैसे घेऊ नका. तुमच्या पत्नीचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. सूरह बकराच्या 275 ते 279 या आयतींत व्याजाबद्दल जितक्या कडक शब्दांत बजावलंय, तितकं फार थोड्या गोष्टींबद्दल बजावलेलं सापडेल. अल्लाहसाठी करायचं काम अल्लाहनंच मना केलेल्या वाटेनं कसं करणार? जनावर एका सकाळी जिबह होईल, मांस दोन दिवसांत वाटून संपेल, आणि हप्ते मात्र पुढच्या ईदपर्यंत तुमच्या आणि तुमच्या पत्नीच्या मानेवर बसतील. ज्या घरात आधीच चूल विचार करून पेटवावी लागते, तिथे ते ओझं कुणी उचलायचं?

आता मूळ मुद्दा: कुर्बानी तुमच्यावर आहे का? आपल्यातले बहुतेक हनफी फिकहनुसार, म्हणजे इस्लामी धर्मनियमांच्या हनफी परंपरेनुसार चालतात, म्हणून त्याप्रमाणे सांगते. ईदच्या दिवसांत ज्याच्याकडे रोजच्या गरजा आणि देणी वजा जाता निसाब उरतो, म्हणजे 612.36 ग्रॅम चांदीइतकी मालमत्ता उरते, त्याच्यावर कुर्बानी वाजिब, म्हणजे बंधनकारक होते. जकातीसारखं वर्ष उलटावं लागत नाही. शाफई, मालिकी आणि हंबली या बाकीच्या परंपरांत बहुतेक उलमा तिला वाजिब म्हणत नाहीत, सुन्नते मुअक्कदा, म्हणजे आग्रहाची पण बंधनकारक नसलेली सुन्नत म्हणतात, तीही ऐपत असलेल्यासाठी. एक लक्षात ठेवा. हा हिशेब घराचा नसतो, माणसागणिक असतो. तुमच्या पत्नीच्या मालकीचं सोनं तिचं आहे. त्यावर कुर्बानी येते का, हे तिचं स्वतंत्र गणित. अब्बांच्या नावावर काही शिल्लक असेल तर त्यांचं वेगळं. तेव्हा एका कागदावर तिघांचं खरं खरं मांडा आणि जवळच्या भरवशाच्या आलिमला दाखवा. तुमच्या पत्रावरून मला वाटतं, तुमच्यापुरतं उत्तर "नाही" असंच येईल. आणि कुणा एकावर वाजिब निघालीच, तर अख्खं जनावर घ्यायलाच हवं असंही नाही. उंटासारख्या मोठ्या जनावरात सात जण वाटेकरी होऊ शकतात, आणि एका वाट्यानंही कुर्बानी पूर्ण अदा होते.

कर्ज काढून केलेली कुर्बानी अदा होते की नाही, असं कुणी विचारलं तर होते. पण ज्याच्यावर ती नाहीच, त्यानं लोकांसाठी ती अंगावर ओढून घ्यावी, असं सांगणारं मला तरी दीनमध्ये काही सापडलेलं नाही. उलट सापडतं ते असं: हजरत अबू बक्र आणि हजरत उमर यांनी काही वेळा मुद्दाम कुर्बानी केली नाही, कारण त्यांना पाहून लोक ती प्रत्येकावर बंधनकारक समजू लागतील अशी त्यांना काळजी होती. हदीसचे संग्राहक बैहकी यांनी ही रिवायत नोंदवली आहे. भाऊ, उम्मतचे पहिले दोन खलिफा! लोक काय म्हणतील याची काळजी त्यांनाही होती, पण ती नेमकी आपल्या उलट्या बाजूची होती.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यानं मला सगळ्यात जास्त त्रास दिला: "अब्बांची मान खाली जाणार नाही." कुर्बानीचा मानाशी संबंध कधी जुळला, ते माहितेय? फार लवकर जुळला. हजरत अबू अय्यूब अन्सारी, ज्यांच्या घरी हिजरतनंतर पैगंबर साहेब (स.अ.) उतरले होते, त्यांना कुणीतरी विचारलं की हुजूरांच्या काळात कुर्बानी कशी होत असे. ते म्हणाले, माणूस स्वतःतर्फे आणि आपल्या घरच्यांतर्फे एक बकरी जिबह करायचा, ते स्वतः खायचे आणि इतरांना खाऊ घालायचे. मग लोक एकमेकांना मोठेपणा दाखवू लागले, आणि आता तू पाहतोस तसं झालं. तिर्मिजीच्या संग्रहात आहे ही हदीस. हुजूरांना डोळ्यांनी पाहिलेला माणूस आपल्या हयातीतच हे दुःखानं बोलून गेला. म्हणजे हा रोग आजचा नाही. तुम्हाला तो लागला म्हणून मी तुम्हाला दोष देत नाही, फक्त त्याला त्याच्या नावानं ओळखा.

आणि सूरह हजची 37वी आयत तर तुम्ही खुतब्यात दर वर्षी ऐकत असाल. त्यांचं मांस अल्लाहपर्यंत पोहोचत नाही, रक्तही नाही, पोहोचतो तो तुमचा तकवा, म्हणजे मनातलं अल्लाहचं भान. आपण ही आयत ऐकतो, मान डोलावतो आणि शेजारच्या दारातल्या जनावराची उंची मोजायला लागतो. तुम्ही या वर्षी व्याजाला "नको" म्हणालात, तर तो तकवाच आहे.

आता "कुर्बानीच नसेल तर ती ईद कसली?" हा प्रश्न. असाच प्रश्न पोटात घेऊन एक माणूस पैगंबर साहेबांसमोर उभा राहिला होता. हुजूर म्हणाले, अजहाचा दिवस या उम्मतसाठी ईद म्हणून ठरवण्याचा हुकूम मला झाला आहे. त्या माणसानं विचारलं, माझ्याकडे दुधासाठी कुणी वापरायला दिलेली एक शेळी आहे, तेवढीच. तिची कुर्बानी करू का? हुजूर म्हणाले, नको. तू आपले केस आणि नखं काप, मिशी बारीक कर, शरीराची स्वच्छता कर. अल्लाहपाशी तीच तुझी पूर्ण कुर्बानी. अबू दाऊद आणि नसाई यांच्या संग्रहांत ही हदीस आहे. तिच्या सनदेबद्दल, म्हणजे ती सांगत आलेल्या माणसांच्या साखळीबद्दल, मुहद्दिसांमध्ये (हदीसच्या अभ्यासकांमध्ये) मतभेद आहेत, हेही सांगायला हवं. पण मला ती फार जवळची वाटते. घरात दूध देणारी एकच शेळी, तीही दुसऱ्याची, आणि तरी माणूस विचारतोय की हीसुद्धा देऊ का. त्याला उत्तर मिळतं, की ती राहू दे, तिच्या दुधावर तुझं घर चालतंय. तुमच्या घरातले उरलेसुरले पैसे म्हणजे तीच दुभती शेळी आहे, भाऊ. ती कापू नका.

जमलं तर एवढं करा. कुर्बानी करणाऱ्यानं जिलहिज्जाचा, म्हणजे या ईदच्या महिन्याचा चाँद दिसल्यापासून केस आणि नखं कापू नयेत, ही हदीस हजरत उम्मे सलमा यांच्याकडून आलेली आहे. तुमच्यावर हे बंधन नाही, तरी तुम्हीही त्या दिवसापासून थांबा आणि ईदची नमाज झाल्यावर घरी येऊन कापा. मुलालाही सोबत बसवा. दहा दिवसांची वाढलेली नखं बापलेकांनी ईदच्या सकाळी शेजारी बसून कापायची. नऊ वर्षांच्या मुलाला हे कायमचं लक्षात राहील.

आता अब्बांकडे येते. खरं पत्र त्यांच्याबद्दलच आहे.

सूरह साफ्फातमध्ये हजरत इब्राहिम अलैहिस्सलाम यांचा प्रसंग येतो. आपल्याला त्यातली सुरी आठवते, दुंबा आठवतो. पण 102व्या आयतीत त्याच्या आधीची एक गोष्ट आहे, तिच्यावरून आपण घाईनं पुढे जातो. मुलगा बापासोबत चालण्या-धावण्याच्या वयाचा झाला, तेव्हा बाप त्याला म्हणतो: बाळा, मी स्वप्नात पाहतोय की मी तुला जिबह करतोय. तर बघ, तुझं काय मत आहे? अल्लाहचा हुकूम झालेला आहे. बाप नबी आहे. तरी तो मुलापासून लपवत नाही, गाफील ठेवून त्याला कुठे नेत नाही. समोर बसवतो, सगळं सांगतो आणि त्याचं मत विचारतो. आणि मुलगा म्हणतो, अब्बाजान, तुम्हाला जो हुकूम झालाय तो करा. इन्शाअल्लाह मी सबर करणाऱ्यांपैकी निघेन. ज्या आठवणीसाठी आपण ही ईद साजरी करतो, तिची सुरुवात बाप आणि लेक एकमेकांशी खरं बोलले तिथून होते.

आणि तुमच्या घरात बाप आणि लेक रोज एका दस्तरख्वानवर जेवतात, आणि आठ महिने खरी गोष्ट मधे पडून आहे. मी हे टोचायला लिहीत नाही. तुम्ही त्यांना जपायला गप्प बसलात, हे मला कळतंय. पण विचार करा, जनावराचा विषय त्यांनी काढला, कारण त्यांच्या लेखी तुमची नोकरी चालू आहे. ते तुमच्याकडे हट्ट करत नाहीयेत. त्यांना माहितीच नाही. ज्यांच्या मानासाठी तुम्ही व्याजी पैसे घ्यायला निघालात, त्यांना विचारलंत का, की तुम्हाला असा मान हवाय का? मला नाही वाटत की आयुष्यभर हलाल कमाईतून कुर्बानी केलेल्या माणसाला मुलाच्या गळ्यातला व्याजाचा फास चालेल.

बोलायचं कसं, हे सांगते. जिलहिज्जाचा चाँद दिसायच्या आत बोला. एकदा गल्लीत जनावरं बांधली गेली की घरात पाहुण्यांची ये-जा सुरू होते आणि प्रत्येक जण तेच विचारतो. त्या गर्दीत बापाला ही बातमी देऊ नका. फजरच्या नमाजनंतर दोघंच असाल तेव्हा बोला. पत्नीला मधे घालू नका, तिनं तुमचं ओझं आठ महिने वाहिलंय. कुर्बानीपासून सुरुवात करू नका, नोकरीपासून करा. "अब्बा, आठ महिने झाले, माझं काम सुटलंय. तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही." एवढंच, आणि मग गप्प बसा. त्यांना बोलू द्या. रागावतील. नोकरी गेली म्हणून कमी, लपवलंत म्हणून जास्त. रागावू द्या, मधे सफाई देऊ नका.

कदाचित ते म्हणतील, माझ्याकडचं काहीतरी विकू, पण खंड पडू द्यायचा नाही. त्यांच्या स्वतःवर वाजिब असेल तर त्यांना अडवू नका. नसेल, तर त्यांना हजरत जाबिर यांची हदीस सांगा. ईदगाहवर खुतबा झाला, हुजूर मिंबरवरून उतरले, मेंढा आणला गेला. आपल्या हातानं जिबह करताना ते म्हणाले: बिस्मिल्लाह, अल्लाहु अकबर, हे माझ्यातर्फे आणि माझ्या उम्मतमधल्या ज्यांनी कुर्बानी केली नाही त्यांच्यातर्फे. अबू दाऊद आणि तिर्मिजी दोघांनी ती नोंदवली आहे. मी स्वतः ही हदीस पहिल्यांदा वाचली तेव्हा किताब मिटून बराच वेळ बसून राहिले होते. ज्याला जमणार नाही, त्याची आठवण त्या दिवशी, त्या क्षणी, हुजूरांना होती. अब्बांना सांगा, या वर्षी आपण त्यांच्यात आहोत, ज्यांची नियत हुजूरांनी स्वतः केली. वयस्क माणसाचं मन या गोष्टीनं जितकं शांत होईल, तितकं तुमच्या-माझ्या कुठल्याच युक्तिवादानं होणार नाही.

आणि खरं बोललात की आणखी दारं उघडतात. तुम्ही साहिबे-निसाब नसाल, म्हणजे तुमच्याकडे निसाबाइतकी मालमत्ता नसेल, तर तुमच्या भावाबहिणींची जकात तुम्हाला चालते. बापाची मुलाला चालत नाही, पण भावंडांची चालते, आणि देणाऱ्याला "ही जकात आहे" असं बोलून दाखवावंही लागत नाही. तुमची हालत कुणाला ठाऊकच नसेल तर मदत येणार कुठून?

यावरून एका अवघड गोष्टीकडे येते, या वर्षी तुम्हाला घ्यावं लागेल. आजवर तुमच्या घरातून वाटे बाहेर गेले. या ईदला ते दारात येतील. हे देण्यापेक्षा कठीण आहे, मला माहितेय, कारण मी ते पाहिलंय. मी तुमच्या मुलाच्याच वयाची होते तेव्हा एका वर्षी आमच्याकडे कुर्बानी झाली नाही. अम्मी सकाळपासून उगाच घर झाडत होती. दुपारी शेजारची मुलगी आली, हातात रुमालानं झाकलेलं पातेलं. अम्मीनं ते घेतलं, आणि रिकामं करून परत द्यायला आत वळणार तोच ती मुलगी म्हणाली, "अम्मीनं सांगितलंय, पातेल्याची घाई नाही. राहू द्या." तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही. खूप पुढे कळलं, की त्या बाईनं पातेलं मागे ठेवलं ते आमच्या अम्मीसाठी. रिकामं भांडं त्याच पावली परत द्यावं लागू नये, पुढे कधीतरी आमच्या घरातून त्यात काहीतरी घालून पाठवता यावं म्हणून. आणि अम्मीनं पाठवलं. किती महिन्यांनी ते आठवत नाही, पण रुमाल तोच होता, धुऊन इस्त्री केलेला.

सूरह हजच्या 36व्या आयतीत म्हटलंय, त्यातून स्वतः खा, आणि "कानिअ"ला खाऊ घाला आणि "मुअतर"ला खाऊ घाला. मुफस्सिरांनी, म्हणजे कुरआनच्या भाष्यकारांनी याचे अर्थ वेगवेगळे लावलेत. प्रसिद्ध अर्थ असा, की कानिअ म्हणजे जो आहे त्यात समाधान मानतो आणि मागत नाही, आणि मुअतर म्हणजे जो दारात येतो. न मागणाऱ्याचं नाव आयतीत आधी आलंय. या वर्षी ते नाव तुमचं आहे. तुमचा हिस्सा कुरआननं ठरवलाय, तो घेताना नजर खाली घालायची गरज नाही. आणि एका वर्षी हुजूरांनी फर्मावलं होतं की तीन दिवसांपलीकडे कुणी घरात कुर्बानीचं मांस ठेवू नये. पुढच्या वर्षी लोकांनी विचारलं, याही वेळी तसंच करायचं का? ते म्हणाले, खा, खाऊ घाला, साठवा. त्या वर्षी लोक हलाखीत होते, म्हणून तुम्ही त्यांना मदत करावी असं मला वाटत होतं. बुखारीच्या संग्रहात आहे. एखाद्या वर्षी माणसं अडचणीत असतात आणि बाकीच्यांनी त्यांचा विचार करायचा असतो, हे ईदमध्ये पहिल्यापासून धरलेलंच आहे.

राहिला मुलगा. त्याला खोटं सांगू नका. "जनावर दुसरीकडे ठेवलंय" वगैरे तर अजिबात नको, मुलं ते पकडतात. दोस्तांनी विचारलं तर "या वर्षी आमच्याकडे नाही" एवढं सरळ सांगायला शिकवा. आणि त्याची ईद भरगच्च करा. जिलहिज्जाच्या नवव्या तारखेला, अरफाच्या दिवशी, तुम्ही रोजा ठेवा. त्यानं मागच्या आणि पुढच्या वर्षाचे गुनाह माफ होण्याची आशा सहीह मुस्लिम या संग्रहातल्या हदीसमध्ये दिली आहे. त्याच दिवशीच्या फजरपासून तेराव्या तारखेच्या असरपर्यंत, एकूण 23 फर्ज नमाजांनंतर, तकबीरे तशरीक म्हणायची असते. ती मुलाला पाठ करून द्या: अल्लाहु अकबर, अल्लाहु अकबर, ला इलाह इल्लल्लाहु वल्लाहु अकबर, अल्लाहु अकबर व लिल्लाहिल हम्द. बघा, कुर्बानीला निसाब लागतो, तकबीरला नाही. ईदच्या सकाळी आंघोळ करा, आहेत त्यातले चांगले कपडे घाला, तीन पिढ्या मिळून ईदगाहला जा. जाताना एका रस्त्यानं आणि येताना दुसऱ्या रस्त्यानं या, हुजूर तसं करत. परतीच्या वाटेवर एखाद्या आजारी माणसाकडे डोकावून या. मुलाला अब्बांचा हात धरून चालू द्या.

आणि त्याला सूरह साफ्फातमधल्या त्या मुलाची गोष्ट तुम्ही सांगू नका. अब्बांना सांगायला सांगा. तुमच्याशी बोलणं झाल्यानंतर.

चाँद दिसायला थोडेच दिवस आहेत, उद्याची फजर चुकवू नका. अब्बांना माझा सलाम.